गाडीच्या रंगाचा टवका : दुर्लक्ष नको, घाईही नको

शहाडचा रेल्वे उड्डाणपूल ओलांडला की म्हारळ, वरप, कांबा ही गावे मागे टाकीत रस्ता मुरबाडकडे जातो. कल्याणला तेलंगणातील निर्मलशी जोडणारा हा राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक २२२ होता, आता ६१ आहे. माळशेज घाट चढून ओतूर, आळेफाटा आणि अहिल्यानगरकडे जाणारी मालवाहतूक याच मार्गाने होते. अंबरनाथ-बदलापूरकडच्या रस्त्यांवरही औद्योगिक वसाहतींची अवजड वाहने आणि बांधकामांसाठी खडी वाहणारे डंपर यांची ये-जा असते. अशा रस्त्यावर पुढच्या वाहनाच्या चाकाखालून एखादा खडा उडतो, बोनेटवर ‘टक्’ असा आवाज होतो आणि क्षणात आपण तो विसरूनही जातो. गाडी धुताना मात्र लक्षात येते, की तांदळाच्या दाण्याएवढा रंगाचा टवका उडाला आहे.

यानंतर बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. ‘एवढ्याशाने काय होते’ म्हणून टवका तसाच राहतो आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याच्याभोवती तपकिरी फोड येतो. नाहीतर नव्या गाडीला डाग नको म्हणून संपूर्ण बोनेट रंगवून घेतले जाते. वाचकहो, या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग स्वस्त, सोपा आणि गाडीच्या हिताचा आहे. जखम जेवढी, उपचार तेवढाच. पण तो वेळेवर. त्यासाठी काय समजून घ्यावे आणि काय करावे, ते येथे क्रमाने पाहू.

कागदाएवढे कवच

गाडीचा रंग म्हणून जो दिसतो, तो प्रत्यक्षात एकावर एक बसवलेल्या थरांचा संच असतो. पोलादी पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचे रासायनिक संस्करण होते. त्यानंतर संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्याला ‘ई-कोट’ म्हणतात. साठच्या दशकात फोर्ड कंपनीने ही पद्धत मोटारींसाठी वापरात आणली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. हौदात बुडवल्यामुळे जिथे फवारा पोहोचत नाही, त्या कोपऱ्या-खाचांतही हा थर पोहोचतो. त्यावर प्रायमर, मग आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो ‘बेस कोट’ आणि सर्वांत वर पारदर्शक ‘क्लिअर कोट’.

या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलीमीटर. म्हणजे कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या साध्या कागदाच्या जाडीएवढेच किंवा त्याहून थोडे अधिक कवच पोलाद आणि पाऊस यांच्यामध्ये उभे असते. त्यातही चकाकी देणारा क्लिअर कोट जेमतेम ४० मायक्रॉनचा. पुढे घासण्याची गोष्ट येईल तेव्हा हा आकडा लक्षात ठेवावा.

या थरांमागे मोठा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी कुंचल्याने, तेलमिश्रित व्हार्निशने रंगवल्या जात आणि ते वाळायला आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने ‘ड्यूको’ नावाचा, झपाट्याने वाळणारा रंग जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी आणला. आपल्याकडे फर्निचरच्या फवारणीच्या रंगाला आजही ‘ड्यूको’ म्हणतात, ते नाव तेथूनच आले. हा रंग नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे कापूस वा लाकडातील सेल्युलोजपासून बनवलेला. शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात लाकडाच्या लगद्यातील याच सेल्युलोजपासून रेशमासारखा धागा तयार होतो. एकाच वनस्पतिजन्य द्रव्याची ही दोन रूपे: एक अंगावरचे वस्त्र झाले, दुसरे गाडीवरचे. आजच्या मोटारींवर मात्र ॲक्रिलिक आणि पॉलियुरेथेन वर्गातील रंग असतात.

मूळ रंग पुन्हा मिळत नाही

कारखान्यात ई-कोट सुमारे १६० ते १८० अंश सेल्सिअसला आणि वरचे रंग सुमारे १४० अंशांना भट्टीत भाजले जातात. त्या वेळी गाडी म्हणजे केवळ रिकामा सांगाडा असतो. पुढे तिच्यात वायरी, रबर, काच, आसने आणि प्लॅस्टिकचे शेकडो भाग बसतात. अशा पूर्ण गाडीला पुन्हा १४० अंशांच्या भट्टीत घालता येत नाही. म्हणून उत्तम गॅरेजच्या बूथमध्येही रंग साधारण ६० अंशांना वाळवतात आणि त्यासाठी वेगळी, हार्डनर मिसळलेली रसायने वापरतात. चांगल्या कारागिराचे काम डोळ्यांना मूळ रंगासारखेच दिसते, वर्षानुवर्षे टिकतेही. पण हौदातील ई-कोट आणि भट्टीतील भाजणी त्याच्याही हाती नसते.

एका दाण्याएवढ्या टवक्यासाठी संपूर्ण बोनेट घासून काढणे म्हणजे चांगला मूळ रंग स्वतःहून गमावणे होय. शिवाय जुनी गाडी घेणारा जाणकार ग्राहक रंगाची जाडी मोजणारे यंत्र घेऊन येतो. दुबार रंगवलेल्या पत्र्यावर आकडा वाढलेला दिसला, की अपघाताची शंका घेऊनच तो भाव पाडतो. बोनेटवरचे दोन-तीन नीट बुजवलेले ठिपके मात्र त्याला रस्त्यावरच्या प्रामाणिक वापराची खूण वाटतात.

दुर्लक्षाचा हिशेब

लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू हे दोनच लागतात. कोकणपट्टीतील पावसाळा चार महिने दोन्ही पुरवतो. उल्हास नदीचे खोरे सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने बदलापूरपासून शहाडपर्यंत जून ते सप्टेंबर हवेतील दमटपणा हटत नाही. टवका फक्त क्लिअर किंवा बेस कोटपर्यंत असेल तर धोका कमी. पण पत्रा उघडा पडला असेल तर काही दिवसांतच तांबूस छटा दिसू लागते.

खरी अडचण पुढे आहे. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. म्हणून तो वाढताना भोवतीचा चांगला रंग खालून उचलतो. वरून तीन मिलीमीटरचा दिसणारा डाग रंगाखाली त्याहून मोठा पसरलेला असू शकतो, तो यामुळेच. आज टूथपिकच्या टोकाने होणारे काम अशा रीतीने वर्ष-दोन वर्षांत घासणे, लांबी भरणे आणि फवारणी असे गॅरेजचे काम होऊन बसते. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. नंतर गाडीची तपासणी होऊनच ती पाच-पाच वर्षांनी वाढते. ज्यांना गाडी दीर्घकाळ वापरायची आहे, त्यांच्यासाठी पत्र्याचे आरोग्य हे इंजिनाइतकेच महत्त्वाचे आहे.

आधी निदान

गाडी धुऊन, पुसून, सावलीत उभी करावी आणि टवका भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठा करून पाहावा. त्यावरून जखम किती खोल आहे ते कळते.

• ओरखडा केवळ चमकीत असेल आणि त्यावरून नख फिरवल्यास अडकत नसेल, तर रंग लावण्याची गरज नाही. सौम्य पॉलिशने तो जातो किंवा फिका होतो.

• आत पांढरट वा करडा थर दिसत असेल, तर तो प्रायमर होय. बेस कोट व क्लिअर कोट लावावे लागतील. पण घाईचे कारण नाही.

• चकाकता धातू दिसत असेल, तर पत्रा उघडा आहे. काम शक्य तितक्या लवकर करावे.

• तपकिरी ठिपका दिसत असेल, तर गंज काढल्याशिवाय रंग लावू नये. गंजावर रंग लावणे म्हणजे जखम न धुता वर पट्टी बांधणे.

• टवका बंपरवर असेल तर गंजाची भीती नाही, कारण बहुतेक आधुनिक गाड्यांचे बंपर प्लॅस्टिकचे असतात. तेथे प्रश्न केवळ रूपाचा आहे. रंग धरून राहावा म्हणून प्लॅस्टिकसाठीचा वेगळा प्रायमर वापरावा.

मॅट रंगाच्या गाडीला मात्र घरी हात लावू नये. ती घासली की त्या जागी चमक येते आणि ती परत घालवता येत नाही.

कोणत्या दिवसांत करावे

दिवाळीनंतरचे कोरडे दिवस ते होळी हा आपल्या भागातील सर्वांत चांगला काळ. हवा कोरडी असते आणि तापमानही सौम्य. तो साधला नाही तर मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, वैशाखातील एखादी सकाळ निवडावी. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग लावला तर वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतला द्रव अडकतो आणि बारीक बुडबुडे येतात.

पावसाळ्यात उलटा त्रास होतो. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतील बाष्प त्यावर साचते आणि पारदर्शक थर दुधासारखा पांढरट होतो. म्हणून श्रावणात टवका उडाला तर जागा धुऊन, पूर्ण कोरडी करून, वर मेणाचा थर द्यावा. मोठ्या टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा. ती तात्पुरती छत्री आहे. पावसाची उघडीप होऊन हवा कोरडी झाली की खरे काम करावे. काहीजण नखांना लावायचे पारदर्शक पॉलिश वापरतात. तेही नायट्रोसेल्युलोजचेच, म्हणजे जुन्या ड्यूकोचे भावंड. पण उन्हात ते पिवळे पडते आणि काढायला लागणारे ॲसिटोन भोवतीच्या रंगाला इजा करू शकते. ते टाळलेले बरे.

साहित्य घेताना

पहिली गरज गाडीच्या रंगाच्या सांकेतिक क्रमांकाची. ‘पांढरा’ किंवा ‘चंदेरी’ एवढे सांगून भागत नाही. एकाच कंपनीचे अनेक पांढरे असतात. हा क्रमांक गाडीनुसार चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर, बोनेटखालच्या पाटीवर किंवा डिकीत असतो. सापडला नाही तर अधिकृत विक्रेत्याकडे चासी क्रमांकावरून मिळतो. त्या क्रमांकाची टच-अपची बाटली किंवा पेन घ्यावे. त्यासोबत प्रायमर, क्लिअर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ६००, २००० आणि ३००० नंबरचे पॉलिश पेपर, टूथपिक, मायक्रोफायबरची कापडे आणि हातमोजे. एवढे साहित्य काही शेकडा रुपयांत येते आणि अनेक टवक्यांना पुरते.

आपल्या वाचकांसाठी येथे तीन गोष्टी आवर्जून सांगावयाच्या आहेत. पहिली कुंचल्याची. बारीक कामाचे कुंचले प्राण्यांच्या केसांचेही मिळतात. मुंगसाच्या केसांचे कुंचले तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये बेकायदेशीर आहेत, कारण त्यासाठी मुंगसे मारली जातात. नायलॉनचा कुंचला किंवा साधी टूथपिक या कामाला अधिक योग्य ठरते. दुसरी मेणाची. गाडीच्या काही मेणांत मधमाश्यांचे मेण असते. त्याऐवजी ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण किंवा कृत्रिम सीलंट घ्यावे. मात्र डबीवर ‘कार्नोबा’ लिहिलेले असले तरी मिश्रणात मधमाश्यांचे मेण असू शकते, म्हणून घटक वाचावेत. तिसरी शब्दाची. ‘लॅकर’ हा शब्द ‘लाक्षा’ या मूळ संस्कृत शब्दापासून फिरत फिरत आला आहे. लाक्षावाणिज्य पंधरा कर्मादानांत गणले असल्याने डबीवरचे हे नाव पाहून कोणाला शंका येऊ शकते. परंतु आजच्या मोटारीच्या लॅकरमध्ये किड्यांची लाख नसते, ते ॲक्रिलिक रसायन असते.

कृती : पायरी-पायरीने

१. स्वच्छता. गाडी शांपूच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. मग टवक्याची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. जुने मेण वा तेलकटपणा राहिला तर नवा रंग धरत नाही. भांडी घासण्याचा साबण रोजच्या धुण्याला नको, कारण तो मेणाचे संरक्षण काढून टाकतो.

२. सुटे पोपडे व गंज. टवक्याच्या कडेला उचललेले पोपडे टूथपिकने हलकेच काढावेत. गंज असल्यास ६०० नंबरच्या पॉलिश पेपरचा अगदी लहान तुकडा पेन्सिलीच्या मागील रबरावर चिकटवावा आणि फक्त ठिपक्यापुरते फिरवावे. चकाकता धातू दिसला की थांबावे. खोल खड्ड्यांत तपकिरी कण राहिलेच तर रस्ट कन्व्हर्टरचा एक थेंब लावावा. त्यातील फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाचे स्थिर संयुगात रूपांतर करते. बाटलीवर दिलेला वेळ काटेकोर पाळावा.

३. प्रायमर. उघड्या धातूवर प्रायमर अनिवार्य. टूथपिकच्या टोकावर जेमतेम मावेल एवढा थेंब टवक्याच्या मध्यभागी ठेवावा. तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. चांगल्या रंगावर तो चढू देऊ नये. पूर्ण वाळू द्यावा.

४. बेस कोट. बाटली दोन-तीन मिनिटे हलवावी. धातूची चमक असलेल्या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे तळाशी बसलेले असतात. ते नीट मिसळले नाहीत तर छटा बदलते. आधी एखाद्या जुन्या प्लॅस्टिक कार्डावर लावून, वाळवून, गाडीशेजारी धरून पाहावे. छटा जुळली की तसाच लहान थेंब ठेवावा. एकच जाड थर देण्याऐवजी दोन ते चार पातळ थर द्यावेत आणि दोन थरांत किमान अर्धा तास जाऊ द्यावा. रंग वाळताना आक्रसतो, म्हणून पहिल्या थरानंतर खड्डा पुन्हा दिसला तर निराश होऊ नये.

५. क्लिअर. रंग निदान काही तास, शक्यतो रात्रभर वाळल्यावर क्लिअरचे एक-दोन थेंब द्यावेत. आता ठिपका भोवतीच्या रंगापेक्षा किंचित उंच दिसायला हवा.

६. थांबणे. ही सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची पायरी. वरून कोरडा लागणारा ठिपका आतून मऊ असतो. त्याला किमान एक आठवडा हात लावू नये.

७. समतल करणे. ठिपक्याचा उंचवटा खटकत असेल तरच हे करावे. साबणाच्या पाण्यात भिजवलेला २००० नंबरचा पेपर छोट्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळून केवळ उंचवट्यावर, हलक्या हाताने, चार-सहा वेळा फिरवावा. पुसावे, पाहावे, मग पुन्हा. भोवतीचा क्लिअर कोट ४० मायक्रॉनचाच आहे, हे येथे आठवावे. शेवटी ३००० नंबर, त्यानंतर रबिंग कंपाउंड आणि पॉलिश हाताने. शंका वाटली तर ही पायरी गाळावी. थोडा उंच राहिलेला ठिपका पाणी तितकेच रोखतो.

८. मेण. नव्या रंगातील द्रव पूर्ण उडून जाण्यासाठी महिनाभर थांबून मगच मेण लावावे.

या सर्व कामातून टवका पूर्ण अदृश्य होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. हाताच्या अंतरावरून पाहिले तर तो दिसेल. चार पावलांवरून बहुधा दिसणार नाही. पत्र्यापर्यंतचा पाण्याचा मार्ग बंद झाला, यातच काम साधले. टूथपेस्टने टवका जातो, असेही ऐकू येते. टूथपेस्टमधील बारीक भुकटी चमकीवरचे हलके ओरखडे थोडे पुसते, पण उडालेला रंग ती भरून देऊ शकत नाही.

गॅरेजकडे केव्हा

टवक्याबरोबर पत्राही दबला असेल, रंगाखाली फोड आले असतील, दाराच्या खालच्या कडेला गंज आरपार गेला असेल किंवा जागा रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी असेल, तर काम कारागिराचे. मोत्यासारखी झाक असलेले तीन थरांचे रंगही त्याच्याकडेच सोपवावेत. गाडी देताना काही प्रश्न अवश्य विचारावेत. पूर्ण भाग रंगवणार की तेवढीच जागा? छटा शेजारच्या भागात कशी मिसळणार? फवारणी बंद बूथमध्ये होणार की उघड्यावर? काम झाल्यावर गाडी ट्यूबलाइटखाली न पाहता सकाळच्या उन्हात सर्व बाजूंनी पाहावी.

हार्डनर मिसळलेल्या क्लिअरची फवारणी घरी कधीही करू नये. त्यातील आयसोसायनेट नावाची द्रव्ये श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क त्यांना अडवीत नाही.

विम्याचा दावा करावा का?

‘विमा आहे, मग खर्च आपण का करावा?’ हा प्रश्न व्यवहारी आहे, म्हणून त्याचे उत्तरही आकड्यांत पाहू. दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के सूट मिळते. हाच ‘नो क्लेम बोनस’. एक दावा केला की ही सूट शून्यावर येते. अपवाद फक्त बोनस राखण्याचे जादा कवच घेतलेल्यांचा. त्याखेरीज प्रत्येक दाव्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये स्वतः भरावे लागतात.

समजा, हा हप्ता ८,००० रुपये आहे आणि आपण ५० टक्क्यांच्या सवलतीवर आहोत. बोनेट रंगवण्याचा ५,००० रुपयांचा दावा केला तर हाती जास्तीत जास्त ४,००० येतील. सोयीसाठी हप्ता स्थिर धरला, तर पुढच्या पाच वर्षांत गमावलेली सूट अनुक्रमे ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४००, म्हणजे एकूण १०,००० रुपये होते. चार हजारांसाठी दहा हजार! लहान टवक्यासाठी दावा न करणेच हिताचे. आणखी एक बाब : गाडीचा रंग नोंदणीपत्रात लिहिलेला असतो. त्याच रंगाच्या टच-अपला कोणाची परवानगी लागत नाही. पूर्ण रंगच बदलायचा असेल तर मात्र आरटीओकडे नोंद करावी लागते.

टवका उडूच नये म्हणून

आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने तोच खडा आदळला तर तडाखा दुप्पट न राहता चौपट होतो. म्हणून खडी सांडलेल्या पट्ट्यात वेग कमी ठेवणे आणि डंपरमागे किमान तीन सेकंदांचे अंतर राखणे हा सर्वांत स्वस्त उपाय. मडगार्डचे रबरी फ्लॅप तुटले असतील तर बदलावेत. आपल्याच चाकांतून उडणारे खडे दाराच्या खालच्या भागाला टवके पाडतात.

महामार्गावर नित्य प्रवास असेल तर बोनेटच्या पुढच्या भागावर पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म बसवता येते. ती खड्याचा मारा खरोखर झेलते. सिरॅमिक कोटिंगकडून मात्र तशी अपेक्षा ठेवू नये. ते काही मायक्रॉनचेच असते. धूळ-पाण्यापासून उपयोगी, दगडापुढे निष्प्रभ. पक्ष्यांची विष्ठा आणि पावसाळी रात्री काचेवर-बोनेटवर आदळून मरणाऱ्या कीटकांचे अवशेष क्लिअर कोटला खातात. ओल्या मऊ कापडाने ते भिजवून त्याच दिवशी पुसावेत. पावसाळ्यात शक्य तेवढा प्रवास दिवसाउजेडी केला, तर रंगही वाचतो आणि असंख्य लहान जीवही.

नदीचे भान

काम संपल्यावर उरलेला थिनर, रंगाचे पाणी आणि भिजलेल्या चिंध्या यांचे काय करावे, याकडे सहसा लक्ष जात नाही. शहाड-टेमघर पाणीपुरवठा योजनेच्या नावातच आपले शहाड आहे. येथे उल्हास नदीतून उचललेले पाणी ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत जाते. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हेही याच नदीवर अवलंबून आहेत. सोसायटीच्या गटारात ओतलेला वाटीभर थिनर नाल्यांमार्फत कोठे पोहोचतो, हे वेगळे सांगायला नको. उरलेला द्रव मूळ बाटलीत घट्ट झाकून पुढच्या वेळेसाठी ठेवावा. चिंध्या उघड्यावर, ज्योतीपासून दूर पूर्ण वाळवाव्यात आणि घातक घरगुती कचऱ्यात वेगळ्या द्याव्यात. थिनरची वाफ चटकन पेट घेते, म्हणून काम करताना जवळ समई, उदबत्ती किंवा गॅस नसावा. खिडक्या उघड्या असाव्यात आणि लहान मुले दूर असावीत.

येत्या रविवारी गाडी धुतल्यावर दहा मिनिटे तिच्याभोवती फिरून पाहावे. बोनेटची पुढची कड, आरशांच्या मागच्या बाजू, चाकांच्या कमानी आणि दारांच्या कडा या चार जागा विशेष निरखाव्यात. दिसलेले टवके वहीत तारखेसह लिहून ठेवावेत आणि त्यांपैकी ज्यांत धातू दिसतो त्यांच्यापासून सुरुवात करावी. घरातील तरुण मुला-मुलींनाही या कामात सोबत घ्यावे. गाडी चालवायला ती लवकर शिकतात; ती सांभाळायची कशी, हेही त्यांना आपल्याकडूनच शिकू द्यावे.